शेंदराखालची भिवरा

झुंजमाळ बघून आलात ना? पाटी वाचलीत, कमानीखाली फोटो काढलात, माहिती सांगणाऱ्या माणसाचं सगळं ऐकून घेतलंत. मग आता जरा इथं वेशीबाहेर टेका. ऊन उतरेपर्यंत तुमची गाडी काही निघत नाही, आणि आमच्या माठात पाणी गार आहे. तिकडं तुम्ही ऐकलीत ती बोरदऱ्याची गोष्ट. ही भिवरेची आहे. मला माझ्या आजीनं सांगितली, तिला तिच्या आजीनं, आणि त्याच्याही मागं कोण कोण होतं ते कुणाला ठाऊक नाही. पोरंबाळं बरोबर असतील तर त्यांनाही बसू द्या. त्यांच्यापासून लपवावं असं यात काही नाही. जे लपवायचं ते गावानं केव्हाच लपवलंय.

तर फार फार वर्षांमागं, तुम्ही आलात तो रस्ता नुसती बैलवाट होती तेव्हा, बोरदऱ्याला चारी बाजूंनी दगडी कूस होतं आणि आत जायला एकच वेस. कुसाच्या आत पाटील, वाणी, शेतकरी, गुरव. कुसाच्या बाहेर पाथरवट आणि राखणदार. हे कूस पाथरवटांनीच बांधलं होतं. दगड त्यांनी फोडले, त्यांनी घडवले, त्यांनीच एकावर एक रचले, आणि काम संपल्यावर पाटलाला रामराम करून बाहेरच्या बाजूला आपल्या झोपड्यांत राहायला गेले. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाहेरच्यांनाही नाही, हे सांगायला मला आज वाईट वाटतं.

भिवरा या पाथरवटांची सून. तिचा नवरा सटवा खाणीवर दगड फोडायचा आणि ती गावात घरोघर जाऊन जात्यांना टाकी लावायची. तुमच्यापैकी कुणी जातं वापरलं नसेल, म्हणून सांगतो. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात आणि दाणा नुसता घसरतो, फुटत नाही. मग छिन्नीनं तळीवर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. ती छिन्नी म्हणजे टाकी. भिवरेचा हात असा होता की तिनं टाकी लावलेलं जातं लहान पोरीनंही सहज ओढावं. ती उठून गेल्यावरही जातं आपलं आपण थोडं फिरत राहायचं, असं म्हणतात. गावात या असल्या गोष्टी फार आवडीनं सांगतात. त्यांना त्यातलं काही नडत नाही.

त्या वर्षी सुगी चांगली झाली होती. पेवं ज्वारीनं भरली होती. आणि खबर आली की कुणा सरदाराची उपाशी फौज गावं लुटत डोंगराच्या अंगानं येते आहे. कुठला सरदार, कुणाच्या बाजूचा, ते आमच्या लोकांना कधी कळलंच नाही. घोडी येणार, माळावरून येणार, एवढंच कळलं.

रायाजी पाटलानं बाहेरच्या सगळ्या गड्यांना वेशीत बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता. दुष्काळात त्यानं बाहेरच्यांनाही धान्य दिलेलं होतं, हे आमची आजी आवर्जून सांगायची. तो म्हणाला, "घोडी माळावरच अडवून धरा. दिस मावळंपतूर धरा. तंवर आमी कुसावर दगडं चढवितो, तेल तापवितो. दिस मावळला की मागं फिरा. कवाड उघडं ठिवतो."

सटवानं विचारलं, "अन् आमची बायापोरं?"

"ती आत्ताच आत घेतो."

आणि सगळ्यांच्या समोर पाटलानं बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा. त्यापुढं कुणी काही विचारत नसे. गड्यांनी पहारी उचलल्या, घण उचलले, गोफणी कमरेला खोचल्या आणि माळाकडं चालू लागले. बाया पोरांना घेऊन आत आल्या. भिवरा पाटलाच्या वाड्यात अंगणात टेकली, तर पाटलीणबाई म्हणाली, "आलीच हाईस तर जात्याला टाकी लाव. एवढ्या मान्सांचं दळाण पडलंय." म्हणून तिचा नवरा माळावर लढत होता तेव्हा भिवरा त्यांच्या जात्याला टाकी लावत होती.

माळावर काय झालं ते तुम्हाला तिकडं सांगितलंच असेल, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. चार बैलांना हलणार नाही असा धोंडा सटवानं एकट्यानं ढकलून माळाच्या तोंडच्या खिंडीत लोटला, असं म्हणतात. गोफणीचा दगड हवेत असतानाच दुभंगायचा आणि त्याचे दोन तुकडे दोन घोडी आडवी करायचे, असं म्हणतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती लढाई बघायला सूर्य माळावर थांबला, दिवस मावळेचना, असं म्हणतात. गाव हे मोठ्या कौतुकानं सांगतं. पाटीवरही आहे. दिवस मावळंपर्यंत धरा असं पाटलानं सांगितलं होतं. सूर्य थांबला म्हणजे आमची माणसं तेवढा जास्त वेळ मार खात उभी राहिली, हे मात्र सांगताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

शेवटी दिवस मावळला. जे उरले होते ते मागं फिरले. जखमींना पाठुंगळी घेऊन, एकमेकांना धरून वेशीकडं आले. मागं घोडी होती, पण दूर होती. घोडीही दमली होती, खिंडीतल्या धोंड्याला वळसा घालून येत होती. वेळ होता. हे नीट ऐका, कारण भिवरा आयुष्यभर हेच सांगत राहिली. कवाड उघडून माणसं आत घ्यायला आणि पुन्हा लावायला वेळ होता.

बुरुजावरून रायाजी पाटलानं धूळ बघितली. धूळ असते त्यापेक्षा जवळ वाटते. तो घाबरला आणि म्हणाला, "कवाड उघडू नका."

बाहेरून दार वाजू लागलं. आधी पुष्कळ हातांनी वाजलं. मग त्यात भिवरेला एक वेगळा आवाज ऐकू आला. दगड आतून पोकळ आहे का बघायला पाथरवट घणाच्या दांड्यानं हलके हलके ठोकतो आणि मग एकदा जोरात ठोकतो. सटवाची ती सवय होती. तशीच ठोक वेशीच्या कवाडावर पडत होती. भिवरा हातातली टाकी टाकून धावली. कवाडाला आतून जाड लाकडी अडसर होता. एरवी तो उचलायला गडी लागत. भिवरेनं त्याच्याखाली खांदा दिला आणि अडसर उचलला गेला.

आणि मागून हात आले. दंडाला, कमरेला, केसांना, लुगड्याला. ते हात पाटलाचे नव्हते की कुणा गड्याचे नव्हते. ते गावातल्या बायांचे होते. सगळ्यात आधी ठकूबाईचा, जिच्या घरचं जातं भिवरेनं आदल्या आठवड्यात टाकी लावून दिलं होतं. त्या बायांच्याही कडेवर पोरं होती. त्या भ्याल्या होत्या, आणि भ्यालेल्या माणसाच्या हाताला फार जोर असतो. भिवरेच्या अंगावर त्यांच्या बांगड्या फुटल्या. अडसर पुन्हा खाली बसला. दार वाजायचं थांबेपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही.

कूस पक्कं होतं. आमच्याच लोकांनी बांधलेलं. फौजेला ते फोडता आलं नाही, आणि सकाळ व्हायच्या आत ती निघून गेली. पेवं वाचली.

सकाळी वेस उघडली तेव्हा कवाड नीट उघडेना. बाहेरून त्याला माणसं टेकलेली होती.

पाटलानं पुढं कितीतरी दिवस अन्न घेतलं नाही, हेही आजी सांगायची. सगळ्यांचं क्रियाकर्म त्यानं आपल्या घरचं असल्यासारखं केलं. आणि म्हणाला की यांचे वीरगळ उभे करायचे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याची शिळा. खालच्या चौकटीत तो लढताना दाखवतात, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो महादेवापुढं हात जोडून बसलेला असतो, आणि सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य. पण वीरगळ कोरणार कोण? कोरणारे सगळे माळावर गेले होते. उरली होती एक भिवरा.

ती म्हणाली, "म्या कोरते. पर समद्या शिळा उभ्या राहूस्तवर कुनी बगायचं न्हाई."

पाटलानं कबूल केलं. त्या दिवसांत तिनं काही मागितलं असतं तर त्यानं नाही म्हटलं नसतं.

ती पावसाळाभर आणि हिवाळाभर खाणीत बसून कोरत होती. ती रडायची तेव्हा दगड मऊ व्हायचा म्हणून तिला टाकी मारावी लागत नसे, असं म्हणतात. मला नाही पटत. दगडाला मऊ व्हायचं असतं तर आधीच झाला असता. तिनं टाकीनंच कोरलं, बोटं फुटेपर्यंत कोरलं, आणि जो गडी जिथं पडला होता तिथंच त्याची शिळा उभी केली. तुम्ही आत्ता बघून आलात. माळावर शिळा विरळ आहेत आणि वेशीजवळ नुसती दाटी आहे. असं का, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

शिळा उभ्या राहिल्या तेव्हा सगळं गाव बघायला आलं. वर चंद्रसूर्य होते. महादेव होता, अप्सरा होत्या. आणि खालच्या चौकटीत, प्रत्येक शिळेवर, दूर माळावर पडलेल्यांच्याही, घोड्यांकडं पाठ करून उभा राहिलेला एक माणूस होता. त्याचे दोन्ही तळवे एका बंद कवाडावर टेकलेले होते. तोंडं अशी कोरली होती की हा सटवा, हा त्याचा भाऊ, हा म्हातारा राखणदार, हे गावातलं कुणीही ओळखावं.

पाटलानं एकेक शिळा बघितली. मग म्हणाला, "भिवरे, वीर कदी कवाडाकडं तोंड करून आसतो का?"

ती म्हणाली, "कवाड लावल्यालं आसलं की आसतो."

आता इथं पाटलाला राग आला असता, त्यानं शिळा फोडल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. फुटक्या दगडाबद्दल लोक विचारतात तरी. पण वीरगळ फोडणं पाप, मेलेला मागं लागतो, असं गुरवानं सांगितलं.  मग पाटलानं घरून तेल आणि शेंदूर मागवला. सटवाच्या शिळेपुढं गुडघे टेकले, हात जोडले, आणि शेंदराचा पहिला हात आपल्या हातानं ओढला. खालच्या चौकटीवरून. "हे आता आपलं द्येव," तो म्हणाला. मागून सगळं गाव पुढं झालं. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. दिवस कलायच्या आत सगळ्या शिळा केशरी होऊन गेल्या आणि कवाडावर टेकलेला एकही हात दिसेनासा झाला.

आपल्याकडं हे असंच चालतं, तुम्हालाही ठाऊक असेल. माणसाला जाब विचारता येतो. देवाला नारळ फोडायचा आणि घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा खापराचा तुकडा घेऊन आली आणि शेंदूर खरवडायला बसली. तेव्हापासून तेच तिचं काम झालं. गाव सणावाराला शेंदूर लावायचं, ती तो काढायची. खरवडलेला शेंदूर ती माळावर टाकायची, म्हणून झुंजमाळाची माती तांबडी, असं म्हणतात. वाट माळावरून जात होती. व्यापारी थांबत, लमाणांचे तांडे उतरत, कुणी गोसावी बैरागी येत. शिळा बघून विचारत. भिवरा उठायची, त्यांना खिंडीपासून घेऊन यायची आणि एकेका शिळेपाशी थांबत वेशीपर्यंत आणायची. आवाज चढवायची नाही. "हा म्हातारा राखनदार. ह्यो हितं पडला, घोड्याम्होरं. ह्यो माजा दीर. ह्यानं जखमी मानूस पाठीव घेतला व्हता, म्हनून मागं ऱ्हायला. अन् ह्यो माजा मालक. ह्यो कवाडापतूर आला. कवाड उगडनार म्हनून सांगितलं व्हतं, म्हनून आला." मग ती स्वतःचा उजवा खांदा दाखवायची. "अडसर हितं व्हता."

तिच्यासमोर माळावर कुणी खोटं बोललं की वेशीचं कवाड आपोआप वाजायचं, दोनदा हलकं आणि एकदा जोरात, असं म्हणतात. म्हणून गावचे लोक तिच्यासमोर काही बोलतच नसत.

पण वाटसरू बोलत. त्यांनी ती गोष्ट बाजारोबाजारी नेली. बोरदऱ्याचा माणूस कुठं मुक्कामाला गेला की लोक हसून विचारायचे, "तुमच्याकडं कवाडं उघडत्यात का हो?" बोरदऱ्यात पोरगी द्यायला कुणी धजेना. सोयरीक ठरत आली की कुणीतरी माळावरच्या शिळांचा विषय काढायचं आणि बोलणं तिथंच थांबायचं.

मग पाटील स्वतः भिवरेच्या झोपडीशी आला. तो आता म्हातारा झाला होता. म्हणाला, कुसाच्या आत घर देतो, वर्षाचं धान्य देतो, शिळांची देखभालही तूच कर. फक्त एवढंच सांग की अडसर अडकला होता. उघडायचं होतं, पण अडकला.

भिवरा म्हणाली, "अडकला न्हवता, पाटील. माज्या खांद्यावर व्हता."

पाटील परत गेला. त्याच्यानंतर ठकूबाई आली. तिच्या मुलाचं लग्न ठरत नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "तू सांगतीस त्ये खोटं न्हाई, भिवरे. पर किती दिस सांगशील? माज्या लेकाचा काय गुन्हा?"

भिवरेनं तिला बसायला घोंगडी टाकली. असं म्हणतात की त्या दिवशी भिवरा पहिल्यांदा आणि शेवटचं कुणाची तरी विनवणी करत होती. म्हणाली, "ठकूबाई, तू एकडाव माळावर ये. माज्या शेजारी हुबी ऱ्हा. वाटसरू आला की तुजं तूच सांग. आमी भ्यालो, आमी हिला धरली, यवढंच. मंग म्या कदी त्वांड उगडनार न्हाई. शपत घेते."

ठकूबाई उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन वेशीपर्यंत आली होती, असं आमच्याकडं म्हणतात. कवाडापाशी थांबली. बाहेर भिवरा उभी राहून वाट बघत होती. ठकूबाई कवाडातून मागं वळली.

मला विचाराल तर भिवरा लढाई हरली ती त्या दिवशी. माळावरची नाही, ही खरं सांगण्याची.

त्यानंतर गावानं भिवरेला वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. फक्त जात्याला टाकी लावायला तिला बोलवायचं बंद केलं. दुसरं कुणी टाकी लावणारं नव्हतं. एकेक करून गावातली जाती गुळगुळीत झाली. दाणे अर्धवट भरडून पडू लागले, भाकरी थापताना मोडू लागल्या, म्हाताऱ्यांची पोटं बिघडू लागली. तरी बोलावलं नाही. बाया दोनदोनदा दळायच्या, हाताला फोड यायचे, पण भिवरेचं नाव काढायच्या नाहीत. भिवरा तांड्यातल्या बाया देतील त्यावर जगली.

ती थकली तसा शेंदूर वरचढ होऊ लागला. ती दोन शिळा साफ करायची तोवर बाकीच्यांवर नवा थर बसलेला असायचा. शेवटी शेवटी तिनं खरवडणं सोडलं आणि पुन्हा टाकी हातात घेतली. एक शेवटची शिळा कोरली. वर चंद्रसूर्य नव्हते, अप्सरा नव्हत्या. नुसती एक बाई, तिच्या खांद्यावर अडसर, आणि तिला चहूबाजूंनी धरलेले हात. हातांना तोंडं नव्हती. बांगड्या मात्र होत्या, एकेक बांगडी सुटी मोजता येईल अशी कोरलेली. ती शिळा तिनं वेशीच्या तोंडाशी उभी केली. कशी आणली, कुणी मदत केली, ते ठाऊक नाही. शिळा तिच्यामागं आपण होऊन चालत आली, असं म्हणतात.

तिथंच ती गेली. तांड्यातली एक लमाण बाई तिला पाणी पाजत होती. तिला भिवरेनं सांगितलं, "गावाला म्हनावं, मला द्येव करू नका."

त्या बाईनं निरोप पोचवला. गावानं ऐकून घेतला.

आणि तेराव्याच्या दिवशी वाजतगाजत भिवराआईला शेंदूर चढवला. पहिला हात पाटलाच्या मुलानं लावला.

भिवराआई तेव्हापासून वेशीची राखणदेवता. तिची ओटी भरतात. पोरीचं लग्न ठरत नसेल तर तिला नवस बोलतात आणि तो फळतो म्हणे. माळावर शेंदूर खरवडणारं कुणी उरलं नाही, त्यामुळं शिळाही देव झाल्या. पुढं कूस पडलं, वेस राहिली. अलीकडं गावानं माळाला तारेचं कुंपण घातलं, कमान बांधली, बाकडी टाकली. रणभूमी जपणारं गाव म्हणून सत्कार झाला. बाहेरगावचे पाहुणे येतात, त्यांना गोष्ट सांगायला माणूस नेमलाय. तो चांगला बोलतो. कूस राखायला सगळं गाव एकदिलानं लढलं, आणि वीर परतले तेव्हा भिवराआईनं एकटीनं अडसर उचलून त्यांच्यासाठी कवाड उघडलं, असं तो सांगतो. तुमच्या डोळ्यांतही पाणी आलं असेल. अनेकांच्या येतं.

चैत्रात जत्रा भरते. दिवस मावळताना वेशीचं कवाड लावून घेतात. आमच्यातला एकजण बाहेरून ते वाजवतो, दोनदा हलकं आणि एकदा जोरात. तो आमचा मान. आत पाटलाच्या घरातला माणूस अडसर धरून उभाच असतो. पहिल्या ठोकीला कवाड उघडतं, गुलाल उडतो, लोक जयजयकार करतात. मग आमचे लोक बाहेर हलगी वाजवतात आणि गावातल्या सवाष्णी भिवराआईच्या शिळेला हात लावतात. हातांचा मान म्हणतात त्याला. प्रत्येकीनं दोन्ही तळवे शेंदरात बुडवून शिळेवर दाबायचे. पहिला मान ठकूबाईच्या घराण्यातल्या थोरल्या सुनेचा. कुणी कधी ठरवलं ते कुणाला सांगता येत नाही.

आता शेंदूर वर्षानुवर्षं चढत राहिला की त्याचं कवच होतं, आणि कवच जड झालं की एक दिवस आपल्याच भारानं सुटून पडतं. आईनं कात टाकली, असं म्हणतात. मागच्या एका जत्रेत ते पडलं. भर गर्दीत, हातांच्या मानाच्या वेळी. मी हलगी वाजवत होतो. आधी तडकल्याचा आवाज आला आणि मग शिळेच्या उंचीचं सबंध कवच पुढं आलं आणि जमिनीवर फुटलं. आतला दगड काल कोरल्यासारखा काळा कुळकुळीत होता.

हलग्या थांबल्या. पाहुणे मोबाईल वर करून पुढं सरकले. शिळेवर बाई होती, खांद्यावर अडसर होता, आणि हात होते. पाहुण्यांपैकी एकीनं विचारलं, "हिला ओढतंय कोण?" माहिती सांगणारा माणूस म्हणाला, "ते भक्तांचे हात आहेत, ताई. आईला आधार देतायत."

ठकूबाईच्या घरची थोरली सून तेव्हा सगळ्यांत पुढं उभी होती. आता तीही सत्तरीची म्हातारी आहे, माझ्या आईबरोबरची. तिचे दोन्ही तळवे शेंदरानं माखलेले होते. ती त्या कोरलेल्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं वळून आमच्याकडं, वेशीबाहेर बघितलं. मी तिच्याकडं बघत होतो. तिला कळलं होतं. देवाशपथ सांगतो, तिला सगळं कळलं होतं, आणि मला वाटलं, आता ही बोलेल. इतक्या वर्षांनी का होईना, त्या घरातली एक बाई पाहुण्यांसमोर उभी राहून बोलेल. भिवरेनं एवढंच मागितलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "काकी, उरका. आई उघडी पडलीय."

आणि काकीनं तळवे शिळेवर ठेवले. तिच्या मागून बाकीच्या बाया आल्या. सगळ्यांचे हात एकाच वेळी पुढं आले, बांगड्यांसकट, आणि दगडावर जिथं जिथं हात कोरलेले होते, बरोबर तिथं तिथं जाऊन बसले. भिवरेच्या दंडावर, कमरेवर, केसांवर. थोड्या वेळानं शिळा पुन्हा केशरी झाली. काकीनं मागं होऊन बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "आता काय दिसत न्हाई न्हवं?" मग आम्हाला सांगितलं, वाजवा. आम्ही वाजवलं.

घ्या, अजून पाणी घ्या. ऊन उतरलं, आता निघायला हरकत नाही. जाताना वेशीपाशी थांबा. पाहुण्यांनी शिळेला हात लावला तर कुणी काही म्हणत नाही, उलट बरंच वाटतं त्यांना. बाईच्या दंडापाशी बोट जरा हळू फिरवा. कवच पडल्याला फार वर्षं झालेली नाहीत, शेंदूर अजून पातळ आहे. बांगड्या बोटाला लागतात. पुढच्या खेपेला आलात तर लागतील की नाही, ते सांगता येत नाही.